सरासरीच्या आडोशाला गोवर

गोवराचे निर्मूलन २०२३ पर्यंत करावयाचे, असा संकल्प भारत सरकारने केला होता. ते वर्ष आले आणि गेले. मुदत २०२६ पर्यंत वाढविण्यात आली. मुदती वाढविणे ही आपल्या नियोजनाची जुनी खोड आहे, आणि पंचवार्षिक योजनांचे अहवाल वाचण्यात ज्यांची उमेद गेली त्यांना तिचे नवल वाटू नये. नवल वाटावे ते निराळ्याच गोष्टीचे. मधल्या काळात, २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मुंबईच्या गोवंडीत गोवराने मुले दगावली. पाठोपाठ मालेगाव व भिवंडी येथे साथ पसरली. मृतांपैकी बहुतांश मुले पाच वर्षांच्या आतली होती. ज्या रोगावर १९६३ पासून लस उपलब्ध आहे, जी लस आपल्या पुण्यात तयार होऊन जगभर निर्यात होते, आणि जी १९८५ पासून सरकार विनामूल्य टोचते आहे, त्या रोगाने या राज्याच्या राजधानीत मुले मरावीत हे कसे घडले? त्या दिवसांत टक्केवारीची चर्चा पुष्कळ झाली. ती टक्केवारी कोणाची आणि कशाला पुरेशी, याची मात्र फारशी झाली नाही.

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग गणितात आहे. अर्थशास्त्राच्या एका निवृत्त अध्यापकाने रोगराईच्या विषयात शिरावे हे काहींना अनधिकार वाटेल. परंतु सरासरी ही आमच्याच शास्त्राची लाडकी लेक. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यामागे भुकेला माणूस कसा दडविता येतो, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो. लसीकरणाच्या आकड्यामागे आजारी मूल दडविण्याची कला तिच्याहून वेगळी नाही.

रोगराईच्या गणिताचा आणि मुंबईचा संबंध जुना आहे. १९२७ साली विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक या दोन स्कॉटिश संशोधकांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात साथींच्या गणिती सिद्धान्तावर एक निबंध प्रसिद्ध केला. आज जगभर साथींची जी प्रतिमाने मांडली जातात त्यांतील बहुतेकांचे कूळ या निबंधापाशी जाऊन पोहोचते. सिद्धान्ताच्या पडताळ्यासाठी त्यात जो आलेख दिला आहे तो मुंबई बेटावरील प्लेगच्या मृत्यूंचा, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातला. मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. रोगाकडे गणिताच्या नजरेने पाहण्याची दीक्षा त्यांना मलेरियावाल्या रोनाल्ड रॉस यांच्या सहवासात मिळाली. कर्मॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात गेली होती. डोळस आकडेशास्त्र्यांच्या या देशात तो तपशील मुद्दाम नमूद करावासा वाटतो.

त्यांची मांडणी मुळात साधी आहे. वस्तीतील माणसांचे तीन गट करावेत: ज्यांना रोग होऊ शकतो असे लागणक्षम, ज्यांना झाला आहे असे रुग्ण, आणि जे बरे होऊन किंवा मरून या हिशेबातून बाहेर पडले ते. नव्या रुग्णांची संख्या रुग्ण व लागणक्षम यांच्या गुणाकारावर अवलंबून राहते. यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मोठा होता. साथ ओसरते ती सर्वांना रोग होऊन गेला म्हणून नव्हे. लागणक्षमांची संख्या एका विशिष्ट उंबरठ्याखाली उतरली की रुग्णाला पुढचे गिऱ्हाईक मिळेनासे होते आणि साथ आपोआप विझते. वणवा रानातले शेवटचे झाड जाळूनच थांबतो असे नाही, झाडे विरळ झाली तरी थांबतो. हीच कल्पना गोवराच्या बाबतीत विल्यम हॅमर यांनी लंडनच्या आकड्यांवरून १९०६ मध्ये, म्हणजे मुंबईत ते प्लेगचे मृत्यू मोजले जात होते त्याच वर्षी, मांडली होती. लंडनमध्ये गोवर ठराविक अंतराने का परततो, याचे उत्तर त्यांना नव्याने जन्मणाऱ्या मुलांच्या संख्येत सापडले.

लसीचे काम या भाषेत सांगावयाचे तर मुलाला पहिल्या गटातून उचलून, दुसऱ्या गटात न जाऊ देता, थेट तिसऱ्यात नेऊन बसविणे. मग किती मुलांना असे उचलले म्हणजे साथ पेटणार नाही? यासाठी एक अंक लागतो. त्याला आपण मूळ प्रसारांक म्हणू. कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत एक रुग्ण सरासरी किती जणांना रोग देतो, तो हा अंक. गोवराच्या बाबतीत तो सामान्यतः बारा ते अठरा धरला जातो. इतका सांसर्गिक रोग मानवी आजारांत क्वचितच दुसरा सापडेल. मधला पंधरा धरू. पंधरांपैकी चौदा जणांना आधीच संरक्षण असेल तर रुग्ण आपल्यामागे एकच रुग्ण ठेवील आणि साथ जागच्या जागी अडखळेल. पंधरांत चौदा म्हणजे शेकडा सव्वात्र्याण्णवच्या किंचित वर. शासकीय परिपत्रकांत जे पंचाण्णव टक्क्यांचे लक्ष्य येते त्याचे मूळ येथे आहे.

आता आपल्या आकड्यांकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात गोवराची पहिली मात्रा सुमारे ८८ टक्के मुलांना मिळाली होती, दुसरी सुमारे ५९ टक्क्यांना. ८८ हा आकडा ऐकावयास बरा वाटतो. परंतु टोचलेले प्रत्येक मूल सुरक्षित होते असे नाही. आईकडून आलेली प्रतिद्रव्ये लहान बाळात लसीला निष्प्रभ करतात. म्हणून नवव्या महिन्यात दिलेली मात्रा शंभरांपैकी साधारण पंच्याऐंशी मुलांनाच संरक्षण देते. (ती वर्षानंतर दिली तर जास्त परिणाम साधतो, पण तोवर कित्येक बाळांना रोगच गाठतो, नऊ महिने हा आकडा अशा तडजोडीतून आलेला आहे.) शंभर मुले जन्मली. अठ्ठ्याऐंशींना पहिली मात्रा मिळाली, त्यांतील पंचाहत्तर सुरक्षित झाली, तेरा टोचूनही उघडी राहिली. दुसरी मात्रा एकोणसाठांनाच मिळाली. त्या तेरांपैकी फार तर आठ-नऊ तिच्या आवाक्यात आली आणि त्यांतील आठ सुरक्षित झाली असे धरू. एकूण त्र्याऐंशी. सतरा मुले लागणक्षम. दरसाल शंभरांमागे सतरा, म्हणजे सहा वर्षांत एका संपूर्ण वर्षाची जन्मलेली मुले जितकी, तितकी उघडी मुले साठतात. साथ आली नाही तोवर हा साठा कोणाला दिसत नाही. मधली शांत वर्षे यश म्हणून मोजली जातात, अहवाल छापले जातात, आणि त्याच वर्षांत पुढच्या साथीचे सरपण रचले जात असते. अपुऱ्या लसीकरणामुळे साथींमधले अंतर लांबते, हे प्रतिमानांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे.

महाराष्ट्रात काय झाले ते या दृष्टीने पाहावे. २७ नोव्हेंबर २०१८ पासून राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना शाळाशाळांतून लस देण्यात आली. ती मोहीम चांगली झाली हे मान्य करावयास हवे. परंतु मोहिमेने साठा रिकामा होतो, साठण्याची क्रिया थांबत नाही. त्यानंतर जन्मलेल्या मुलांचा भरवसा केवळ नेहमीच्या लसीकरणावर होता आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. २०२१ या एका वर्षात जगातील अडीच कोटी मुलांची गोवराची पहिली मात्रा चुकली, असे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे अनुमान आहे. मोहिमेनंतर चार वर्षांनी साथ आली. ती अचानक आली असे म्हणणाऱ्यांनी बेरीज केलेली नव्हती.

तरीही हा अर्धाच हिशेब झाला. साथ आली हे समजले. ती गोवंडीतच का आली, मलबार हिलवर का नाही?

कर्मॅक-मॅकेंड्रिक यांच्या मांडणीत एक गृहीतक गुपचूप बसलेले आहे: वस्तीतील प्रत्येक माणूस प्रत्येकाला सारख्याच शक्यतेने भेटतो. प्लेगच्या बाबतीत तर गृहीतके आणखी लंगडी होती, कारण प्लेग मुळात उंदरांचा. हे त्या लेखकांनी स्वतःच कबूल केले आहे. २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने मुंबईची ती आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा ऋतुमानाचा परिणाम वगळून तो आलेख जुळविण्यासाठी जी मूल्ये घ्यावी लागतात ती वास्तवात बसत नाहीत, असे त्यांना आढळले. रेषा बिंदूंवर सुरेख बसली म्हणजे तिच्यामागची कथा खरी ठरत नाही. ज्यांना प्रतिगमनाचे आलेख पाहून भारावून जाण्याची सवय आहे, अशा माझ्या व्यवसायबंधूंनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सर्वजण सर्वांना सारखेच भेटतात हे वर्गहीन समाजाचे वर्णन आहे. आपला समाज तसा नाही. तेव्हा गणित समाजासारखे करून पाहू. एक शहर कल्पावे. त्यात नव्वद टक्के लोक बऱ्या वस्तीत राहतात आणि तेथील सत्त्याण्णव टक्के मुले सुरक्षित आहेत. उरलेले दहा टक्के लोक एका दाट झोपडपट्टीत राहतात आणि तेथे साठच टक्के मुले सुरक्षित आहेत. सरासरी काढा: त्र्याण्णव पूर्णांक तीन दशांश. आपण वर काढलेला उंबरठा नेमका हाच! आयुक्तांच्या टेबलावर हा आकडा गेला तर त्यांनी निश्चिंत व्हावे. पण बऱ्या वस्तीत एक रुग्ण सरासरी अर्ध्याहूनही कमी जणांना रोग देईल आणि तेथे साथ विझेल. झोपडपट्टीत पंधराच्या चाळीस टक्के, म्हणजे सहा जणांना देईल. गोवराची एक पिढी सुमारे दोन आठवड्यांची. एकाचे सहा, सहांचे छत्तीस, छत्तिसांचे दोनशे सोळा, एवढे दीड महिन्यात. आणि हे झोपडपट्टीतही प्रसारांक पंधराच धरून. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसे निजतात तेथे तो त्याहून मोठाच असणार.

गोवंडी ज्या एम-पूर्व प्रभागात येते, तो २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात शहरातील सर्वांत तळाचा प्रभाग ठरला होता. देवनारचे कचऱ्याचे डोंगर तेथेच आहेत. म्हणजे कोठे पाहावयाचे, हे साथीच्या तेरा वर्षे आधी छापून ठेवलेले होते. साथ पेटल्यावर केंद्राचे पथक आले, सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा मात्रा देण्याची सूचना निघाली, घरोघर पाहणी झाली. या धावपळीत ज्या आरोग्यसेविका राबल्या त्यांच्याविषयी आदरच वाटतो. पण त्या साऱ्याला साथ पेटावी लागली.

गोवर हा बालपणीचा एक किरकोळ ताप, अशी समजूत सुखवस्तू घरांत आहे. आणि आपल्या विदर्भात ‘माता आली’ म्हणून कडुनिंबाचा डहाळा दाराशी टांगणाऱ्या घरांतही तो जणू येऊन जाणारा पाहुणा मानला जातो. सुखवस्तू घरात तो बहुधा तसा वागतोही. कुपोषित आणि दाटीवाटीच्या वस्तीत मात्र शंभर रुग्णांमागे पाच ते दहा मृत्यूंपर्यंत त्याची मजल गेलेली आहे. पीटर ॲबी या डॅनिश मानवशास्त्रज्ञाला गिनी-बिसाऊमध्ये असे दिसले की, घरात पहिल्यांदा आजारी पडणाऱ्या मुलापेक्षा त्याच्याकडून घरातच रोग घेणारे दुसरे मूल अधिक मरते. निजावयास जागा नाही, हेही मृत्यूचे कारण असते. शिवाय २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तोही गणिती, असे आढळले की गोवर शरीराची पूर्वार्जित प्रतिकारस्मृती पुसून टाकतो आणि त्यानंतर दोन-तीन वर्षे मूल इतर रोगांना बळी पडू शकते. ते मृत्यू गोवराच्या खाती लिहिले जात नाहीत.

आता दोष कोणाचा, या प्रश्नाकडे येऊ. २०२२ मध्ये आणि त्यानंतरही एक उत्तर सर्रास ऐकू आले: तेथील लोक अडाणी, एका विशिष्ट धर्माचे, लस घ्यावयास नाखूष. या उत्तराला अर्थशास्त्राची झूलही चढविता येते. डॅनियल बर्नुली याने १७६० मध्ये पॅरिसच्या अकादमीसमोर देवीच्या टोचणीचे पहिले गणित मांडले. टोचणीने सरासरी आयुष्य सुमारे तीन वर्षांनी वाढेल असा त्याचा हिशेब होता. दालाँबेरने तेव्हाच हरकत घेतली की, राज्याचा लाभ आणि व्यक्तीचा लाभ एकच नव्हे. वृद्धापकाळी मिळणाऱ्या वर्षांसाठी आज मरणाचा धोका कोणी का पत्करावा? त्याच धाग्यावर आजचे सिद्धान्तकार म्हणतात की, इतरांनी लस घेतली की आपल्याला तिची गरज उरत नाही, म्हणून विवेकी माणूस फुकट्या बनतो. अमेरिकेतील व युरोपातील काही सुशिक्षित वस्त्यांत हे खरेही आहे. गोवंडीच्या मातेला ते लावणे म्हणजे थट्टा आहे. तिच्या शेजारी सुरक्षित मुलांची भिंतच नाही, मग ती फुकट्या कोणाच्या जिवावर बनणार? लसीकरणाचे सत्र सकाळी दहा ते दुपारी. तिची धुणीभांडी त्याच वेळी. मुलाला ताप आला तर दुसऱ्या दिवशीची मजुरीही बुडते. लस विनामूल्य आहे, पण तिची किंमत दीड-दोन दिवसांची रोजी आहे. ही किंमत राष्ट्रीय हिशेबात कोठेच येत नाही.

अविश्वास मुळीच नाही असे मी म्हणत नाही. परंतु अविश्वासालाही इतिहास असतो. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरांत घुसलेल्या सोजिरांची आठवण आणि त्यातून झालेला रँडचा वध आपण शाळेत शिकवितो. १९७६ मधील नसबंदीच्या सक्तीच्या शिबिरांची आठवण शिकवीत नाही, पण ती वस्त्यांतून जिवंत राहिली. सरकारी गाडी वस्तीत शिरली की दार लावून घेणारी म्हातारी अडाणी नसते, तिची स्मरणशक्ती शाबूत असते. तिचे दार उघडते ते रोज दिसणाऱ्या ओळखीच्या बाईसाठी. ती बाई म्हणजे आशा सेविका. तिला आपण कर्मचारी मानीत नाही, ‘स्वयंसेविका’ म्हणतो. एका बाळाचे वर्षाच्या आत संपूर्ण लसीकरण करून घेतल्याबद्दल तिला शंभर रुपये, असा दर वर्षानुवर्षे चालला. २०२३ च्या अखेरीस राज्यातील आशांना संपावर जावे लागले. ज्या साखळीवर सव्वात्र्याण्णव टक्क्यांचे सारे गणित टांगलेले आहे तिची शेवटची कडी मानधनावर ठेवावयाची आणि मग साथ आली की मातांना बोल लावावयाचा, याला नियोजन म्हणत नाहीत.

आणखी एक गोष्ट. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई आणि नागपूर या दोन्ही महानगरपालिकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. गोवंडीत मुले दगावत होती तेव्हा सभागृहात उभे राहून प्रभागाचा आकडा मागणारा निवडून आलेला एकही माणूस नव्हता. निवडणुका लांबल्याचा दोष लोकशाहीच्या नावाने अनेकांनी दिला. तो आरोग्याच्या नावानेही दिला पाहिजे.

नागपूरकरांनी हे मुंबईचे दुखणे समजून स्वस्थ बसू नये. गोवर एखाद्या गावात बाहेरून न येता वर्षभर टिकून राहावा यासाठी अडीच-तीन लाखांची वस्ती लागते, असा हिशेब मॉरिस बार्टलेट यांनी १९५७ मध्ये इंग्लंडमधील शहरांवरून केला होता. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या चोवीस लाख होती. येथील दहा झोनांची सरासरी वेगवेगळी काढली तरी काम भागणार नाही. धरमपेठ झोन म्हटला की बंगले डोळ्यांपुढे येतात, पण पांढराबोडी त्याच झोनमध्ये आहे. धंतोलीत इस्पितळांची रांग आहे आणि तकिया झोपडपट्टीही आहे. शहराभोवतीच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर छत्तीसगड व मध्य प्रदेशातून जी कुटुंबे दिवाळीनंतर येतात त्यांची मुले तर कोणत्याच झोनची नव्हेत. गावच्या यादीत ती गैरहजर आणि येथल्या यादीत त्यांचे नावच नाही. गणित मात्र त्यांना नेमके मोजते, कारण पंधरातला पंधरावा तोच असतो.

म्हणून मागणी सरासरीच्या खाली उतरून केली पाहिजे. प्रत्येक झोपडपट्टीची, प्रत्येक भट्टीची, प्रत्येक बांधकामाची निराळी यादी हवी. पहिली मात्रा किती, दुसरी किती, आणि उघडी राहिलेली मुले किती, असे तीन रकाने. यासाठी नवा संगणक नको की सल्लागार संस्था नको. जन्मनोंदणीचे पुस्तक, अंगणवाडीचे रजिस्टर आणि आशांच्या वह्या या तीन याद्या महानगरपालिकेच्या हद्दीत आजही आहेत. त्या एकमेकींशी ताडून पाहावयाच्या आणि मुलांची नावे वगळून वस्तीवार आकडे झोन कार्यालयाच्या दाराशी लावावयाचे. सत्र संध्याकाळी व रविवारी भरवावयाचे, आणि लसीच्या दुसऱ्या दिवशी आईची बुडालेली रोजी भरून द्यावयाची. एका वस्तीत नव्वदच्या खाली आकडा आला तर तेथील सत्रे दुप्पट करावयाची, शहराची सरासरी काहीही असो. पहिली यादी भट्ट्या पेटण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आत, लागली पाहिजे.